सर्कशीतल्या कसरती: दिसते ते बळ, न दिसणारा आधार

कणकवलीला सर्कशीचा तंबू लागला होता, तेव्हा दुपारच्या खेळाला आमच्या वाडीतले नारळ उतरवणारे एक पाडेली माझ्या शेजारी बसले होते. वय पन्नाशीच्या पुढचे, आणि हंगामात रोज पंधरा-वीस माडांवर चढउतार करण्याची सवय. त्यामुळे उंचीचे त्यांना काही नवल नव्हते. तंबूच्या माथ्याशी टांगलेल्या झुल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि सारा तंबू तिच्याकडे पाहू लागला. यांची नजर मात्र झुल्याच्या दोरीवरून वर सरकत गेली आणि ती दोरी जिथे लोखंडी कडीत अडकवली होती तिथे थांबली. "काका, काय बघताय?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "तुमी माणसाक बघतास, मी दोर बघतंय."

सर्कशीतली कसरत समजून घेण्यासाठी मला ही नजर फार उपयोगाची वाटते. प्रेक्षकाला माणूस दिसतो आणि कसरतीचे सगळे बळ त्या माणसात असते. ती ज्यावर उभी असते त्या कड्या, तारा, खुंट्या आणि तळहाताची पकड प्रेक्षकाला जवळजवळ दिसत नाही. शिवाय एखादी कसरत किती अवघड आहे, हेसुद्धा बहुतेक वेळा दिसत नाही. सर्कशीच्या खेळात कसरत कुठे भक्कम ठरते आणि कुठे कच्ची पडते, याचे उत्तर या दिसण्या-न दिसण्यात आहे.

सुरुवातीची सर्कस ही मुळात घोड्यांची होती. लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने १७६८ मध्ये घोडेस्वारीचे खेळ दाखवायला सुरुवात केली आणि पुढे सर्कशीच्या रिंगणाचा जो ४२ फुटांचा व्यास रूढ झाला, तो घोड्याच्या दौडीला सोयीचा होता. दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वार एवढ्या वर्तुळात आत झुकून तोल राखू शकतो. आपल्याकडेही तसेच घडले. विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचे शिक्षक होते आणि त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी मुंबईत झाला. कसरतपटूंचा मोठा ओघ नंतर मलबारातून आला. थलश्शेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ मध्ये जवळच्याच चिरक्करा येथे सर्कशीचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि पुढची कित्येक दशके भारतीय सर्कशीला तिथल्या मुलखाने माणसे पुरवली. कोकण रेल्वेने खाली केरळात जाणाऱ्यांना थलश्शेरी हे गाव वाटेत लागते. मात्र ते सर्कशीचे माहेर आहे हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

प्राणी होते तोवर कसरत हा खेळाचा एक भाग होता. केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन कायम ठेवले. तेव्हापासून अडीच-तीन तासांच्या खेळाचा बहुतेक भार माणसाच्या शरीरावर आला. निर्णय योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही कसरतीची कमजोरी त्यानंतर अधिक उघडी पडली, हेही खरे आहे.

आधी बळ पाहू. कसरतीला भाषा लागत नाही. दशावतार पाहायला निदान पुराणातली कथा ठाऊक असावी लागते. झुल्यावरून सुटलेला माणूस पाहायला काहीच ठाऊक असावे लागत नाही. दुसरे म्हणजे तिच्यात लपवाछपवी नसते. जादूगार काहीतरी झाकतो हे आपण गृहीत धरतो, पण डोक्यावर पाच माणसे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची मान खरीच ताठ असते आणि पायही खरेच थरथरत असतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रेक्षक कसरत स्वतःच्या अंगाने मोजतो. झुल्याची उंची साधारण दहा-बारा मीटर, म्हणजे बऱ्यापैकी वाढलेल्या माडाएवढी असते, आणि माडाखाली उभे राहून शेंड्याकडे पाहताना मान किती मागे जाते हे कोकणातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पडद्यावर कितीही उंचावरून उडी मारलेली पाहिली, तरी आपल्या तळहाताला घाम फुटत नाही. तंबूत तो फुटतो.

हवेतल्या कसरतीचा आणखी एक साधा फायदा असा, की ती शेवटच्या रांगेतूनही दिसते. जमिनीवरची लवचीकपणाची कसरत गालिच्यावर चालते. पुढच्या खुर्च्यांना ती उत्तम दिसते, पण मागच्या लाकडी फळ्यांवर बसलेल्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. म्हणून चांगला आयोजक जमिनीवरच्या कसरती एखाद्या टेबलावर किंवा उंच स्टँडवर चढवतो. न चढवल्यास निम्मा तंबू शेंगदाणेवाल्याला हाका मारू लागतो.

आता उडत्या झुल्याची गोष्ट थोडी बारकाईने पाहू, कारण सर्कशीच्या जाहिरातीत सर्वांत मोठे चित्र त्याचेच असते. पॅरिसमध्ये १२ नोव्हेंबर १८५९ रोजी ज्यूल लिओटार्ड या तरुणाने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेण्याची कसरत प्रथम लोकांसमोर केली. त्याच्या अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखाला आज त्याचेच नाव आहे. या खेळाचा पाया म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक. लंबकाला एक आंदोलन पूर्ण करायला किती वेळ लागेल, हे त्याच्या वजनावर अवलंबून नसते, लांबीवर असते. दोरी आणि लोंबकळणारे शरीर मिळून लांबी पाच मीटर धरली, तर जाऊन परत येण्याला सुमारे साडेचार सेकंद लागतात. मग लटकलेला माणूस पन्नास किलोचा असो वा ऐंशीचा. त्यामुळे एका बाजूने झेप घेणारा आणि दुसऱ्या बाजूला झुल्याला पाय अडकवून उलटा लोंबकळणारा झेलकरी, या दोघांचा मेळ मोजून बसवता येतो. झेलकरी उलट दिशेने येऊन नेमक्या टोकाला पोहोचावा, त्या क्षणी त्याचा वेग शून्याजवळ असावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याची मनगटे त्याच्या हातांशी यावीत, असे ते गणित आहे. पंजात पंजा न घालता मनगटाने मनगट पकडतात, कारण एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची शिल्लक राहते.

मधल्या काळात जो हवेत असतो, त्याच्याजवळ जेमतेम सेकंदभर असतो. या वेळात कोलांट्या किती बसतील, हे त्याने झुला सोडतानाच ठरलेले असते. हवेत आल्यावर अंगाला नवी फिरकी देता येत नाही, कारण ढकलायला तिथे काहीच नसते. तेवढीच फिरकी वाटून घेणे मात्र हातात असते. धक्क्यावरून खाडीत उड्या मारणारी पोरे हे न शिकता जाणतात. गुडघे छातीशी घेऊन अंगाचा गोळा केला की फिरण्याचा वेग तीन-चार पट वाढतो आणि पाण्याशी येताना अंग लांब केले की तो उतरतो. पोरांचा अंदाज चुकला तर पाठीवर पाण्याची सणसणीत चपराक बसते. झुल्यावरच्या माणसाला मात्र गोळा उलगडून, डोळे स्थिर होण्याआधीच दुसऱ्याची मनगटे सापडावी लागतात.

आणि इथेच पहिली कमजोरी समोर येते. हवेतल्या तीन कोलांट्या ही कसरत अनेकांच्या जिवावर बेतलेली आहे. चार कोलांट्या मारून झेलले जाणे खेळात पहिल्यांदा साधले ते १९८२ मध्ये, मिगेल वास्केझ या कलाकाराला. लिओटार्डच्या झेपेनंतर यासाठी सव्वाशेच्या आसपास वर्षे गेली. पण तंबूतल्या प्रेक्षकाला तीन आणि चार यांतला फरक कळतो का? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला कळत नाही. डोळ्यांना एक गरगर दिसते आणि मग पकडलेले हात दिसतात. जिच्यासाठी एका माणसाचे अर्धे आयुष्य गेले, ती चौथी कोलांटी प्रेक्षकाच्या हिशेबात जमाच होत नाही. उलट डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा अंगावर पोते घालून मारलेली साधी झेप टाळ्या घेऊन जाते, कारण तिचा अवघडपणा दिसतो. कसरतपटूंना हे चांगले ठाऊक असते. म्हणून पहिला प्रयत्न मुद्दाम चुकवण्याची रीत सर्कशीत फार जुनी आहे. माणूस जाळीत पडतो, बँड थांबतो, तो पुन्हा शिडी चढतो आणि आता प्रेक्षकाला अवघडपणा दिसू लागतो. कणकवलीलाही तसेच झाले. पडणे खरे होते की ठरवलेले, ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या वेळी माझ्याही मुठी वळल्या होत्या.

तारेवरच्या चालण्याचे नेमके उलट आहे. तिथला अवघडपणा दिसतो, कारण प्रत्येकाने कधी ना कधी बांधावरून किंवा साकवावरून चालताना तोल सावरलेला असतो. वर्तमानपत्रांनी अर्थसंकल्पापासून जागावाटपापर्यंत सगळ्यालाच 'तारेवरची कसरत' म्हणून त्या शब्दांची धार घालवली आहे. खरी तारेवरची कसरत म्हणजे स्थिर राहणे नव्हे. ती सतत पडू लागणे आणि पडण्याआधी सावरणे असते. हातातली लांब काठी सावरण्यासाठी अधिक वेळ देते. टोकांकडे वजन असलेली लांब वस्तू चटकन फिरत नाही, त्यामुळे चालणाऱ्याचे अंगही कलायला वेळ घेते. डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातातला बांबू हेच काम करतो. काठी लांब आणि टोकांना खाली वाकलेली असली, तर एकूण भार थोडा खाली येतो, हा आणखी एक फायदा.

पण पाडेलीकाकांसारखे माणूस सोडून तारेकडे पाहा. दहा मीटर लांबीच्या तारेच्या मधोमध साठ किलोचा माणूस उभा राहिला आणि त्याच्या वजनाने तार फक्त दहा सेंटीमीटर खाली आली, तर तारेतला ताण साधारण दीड टन होतो. साठ किलोचे दीड टन कसे, असे वाटेल. कपडे वाळत घालायच्या दोरीचा अनुभव आठवावा. दोरी ढिली असली की ओली चादरही सहज पेलते; तीच दोरी ताठ बांधली की चादर टाकताच खिळा निघून येतो. ताणलेली दोरी जवळजवळ आडवी असते आणि आडव्या दोरीला वजन वर उचलून धरायला फारसा वाव नसतो. त्यामुळे थोडेसे वजन पेलण्यासाठी तिला दोन्ही टोकांना प्रचंड ओढावे लागते. तारेवर चालणाऱ्याला तार ताठ हवी असते, आणि ती जितकी ताठ, तितका खुंट्यांवरचा भार अधिक.

या खुंट्या कोकणात डोकेदुखी ठरतात. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, तंबू लावायचा तर खाली जांभा असतो. त्यात पहार वाकते, पण खुंटी हातभरही जात नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, लावायचा तर खुंटी सहज आत जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. भातकापणीनंतरचा कुणगा, म्हणजे भातखाचर, वरून कडक वाटतो, पण खाली ओल धरून असतो. म्हणून एका तारेला एकच खुंटी न देता ओळीने तीन-चार खुंट्या ठोकून भार वाटतात आणि त्या तारेच्या ओढीविरुद्ध मागे कललेल्या ठेवतात. प्रेक्षक या खुंट्यांना ठेचकाळतो आणि शिव्या घालत आत जातो. त्यात समुद्राकडचा खारा वारा असतोच. तारेच्या दोराला वरून ग्रीस लावलेले असते, पण मीठ आतल्या पेडांपर्यंत पोहोचते आणि गंज आतून धरतो, म्हणून तो नुसत्या नजरेला दिसत नाही.

एक कडी काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. प्रॉव्हिडन्स शहरात मे २०१४ मध्ये केसांनी लटकून कसरत करणाऱ्या आठ स्त्रिया एकाच वेळी खाली कोसळल्या आणि गंभीर जखमी झाल्या. त्यांचा सगळा सांगाडा ज्या पोलादी कडीला टांगलेला होता, ती तुटली होती. चौकशीत निघाले ते असे, की अशी कडी वर एक आणि खाली एक अशा दोन ठिकाणी भार घेण्यासाठी बनवलेली असते, आणि तिथे ती तीन ठिकाणांहून ओढली जात होती. कलाकारांच्या सरावात खोट नव्हती. चूक एका मुठीत मावणाऱ्या वस्तूच्या वापरात होती.

वाऱ्याचेही तसेच आहे. तारेवरच्या खेळासाठी जगभर नावाजलेले कार्ल वॉलेंडा मार्च १९७८ मध्ये पोर्टो रिको बेटावर दोन इमारतींमध्ये बांधलेल्या तारेवरून चालताना पडून मरण पावले. वय ७३ होते, वारा जोराचा होता आणि तारेची ताणबांधणीही नीट नव्हती. तंबूत वारा थेट लागत नाही हे खरे, पण तंबूचे कापड फुगले की मधले खांब ओढले जातात आणि जे काही खांबांना बांधलेले असते तेही हलते. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस वळीव सुरू झाले की कोकणातून तंबू हलवावाच लागतो.

घाम ही गोष्ट किरकोळ वाटते, पण समुद्रकाठी ती तशी नसते. तंबूतली गरम हवा वर चढते, त्यामुळे खाली पंख्याजवळ बसलेल्याला जो उकाडा सोसवतो, तो झुल्याच्या फळीवर असह्य होतो. झोक्याच्या तळाशी शरीराचा भार दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दोन तळहातांवर दीडशे किलोच्या आसपास तोलावे लागतात, आणि तळहात तर घामेजलेले. म्हणून प्रत्येक झेपेआधी ते पांढरी पूड हाताला चोळतात. ती मॅग्नेशियम कार्बोनेटची असते आणि घाम शोषते. मल्लखांबात हेच उलट चालते. तिथे लाकडाला एरंडेल लावतात, कारण सगळे अंग खांबावर घासत फिरवायचे असते आणि घर्षणाने कातडी सोलवटायला नको असते. एकाला पकड हवी, दुसऱ्याला सरक. मल्लखांबात तयार झालेला मुलगा झुल्यावर लगेच तरबेज होईलच असे नाही, याचे हेही एक कारण.

जाळीबद्दल प्रेक्षकांत दोन गैरसमज असतात. एक म्हणजे जाळी असली की धोका संपला. दुसरा म्हणजे जाळी असली की कसरत खोटी. दहा मीटरवरून पडणारा माणूस तळाशी येईतो ताशी पन्नास किलोमीटर वेगाने येत असतो. जाळी त्याला दीडेक मीटर खाली जात जात थांबवते, तेव्हा अंगावर सरासरी सात-आठ पट भार येतो आणि तो पाठभर पसरला तर सोसता येतो. जमीन त्याला दहा सेंटीमीटरमध्ये थांबवते, तेव्हा हाच भार शंभर पटीच्या घरात जातो. पण जाळीत पडणे हीच एक शिकून घ्यायची कसरत आहे. पाठीवर पडावे लागते. पायावर पडल्यास पाय जाळीच्या घरात अडकून घोटा पिरगळतो, आणि उसळी आली की माणूस जाळीच्या काठाबाहेर फेकला जाऊ शकतो. नवशिक्याला झेप घ्यायच्या आधी पडायला शिकवतात.

माणसांची बाजूही पाहायला हवी. शरीर कोवळे असतानाच लवचीकपणा येतो, या समजुतीवर जुनी सर्कस चालली आणि त्यापायी लहान मुले तंबूत ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. ते फार आधी व्हायला हवे होते. पण तयार, सज्ञान कसरतपटू घडवील अशी व्यवस्था देशात कुठेच पुरेशी उभी राहिली नाही, आणि अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या खांद्यांना व मनगटांना हे काम पेलेपर्यंत कारकिर्दीची चांगली वर्षे निघून जातात. गावोगावी दहीहंडीचे थर लावणारी, मल्लखांब करणारी पोरे आहेत. त्यांतले कोणी सर्कशीत जात नाहीत. दिवसाला दोन-तीन खेळ, तंबूतले राहणे आणि तिशी-पस्तिशीनंतर काय, या प्रश्नाला उत्तर नाही. मग त्यांनी का जावे?

खेळाच्या बांधणीतही कसरतीची एक अडचण असते. तिला तयारी लागते. जाळी ताणायला दहा-बारा माणसे आणि काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षकांच्या हातात मोबाइल येतो. शिवाय लागोपाठ तीन थरारक कसरती पाहिल्या की चौथीला अंगावर काटा येत नाही; मन भीतीलाही सरावते. दोन्हींवर सर्कशीचा जुना उपाय एकच आहे, तो म्हणजे जोकर. जाळी बांधली जात असताना तो रिंगणात धडपडतो, आणि उडत्या झुल्याच्या अखेरीला वर चढून सगळ्यांत वाईट झेप घेतो, त्याची विजार सुटते, आणि किंचाळत तो जाळीत पडतो. इतके नेमके चुकण्यासाठी त्याला बाकीच्यांइतकेच येत असावे लागते. जो आयोजक पैसे वाचवायला जोकर कमी करतो, तो आपल्या उत्तम कसरतपटूंचीच किंमत कमी करून घेतो, असे माझे मत आहे.

कणकवलीचा खेळ सुटला तेव्हा लोक लगबगीने स्टँडकडे निघाले होते. काका मात्र तंबूच्या बाहेरच्या अंगाला गेले. तिथे मुख्य खांबाची तार तीन खुंट्यांना वाटून बांधली होती. त्यांनी पहिल्या खुंटीला पायाने रेटून पाहिले, मग दुसरीला. तिसरीशी ते वाकले, बुडाची माती बोटांनी उकरून पाहिली आणि तिथे उभ्या असलेल्या सर्कशीतल्या पोराला म्हणाले, "ही जरा मार रे आत." पोराने काही न बोलता घण उचलला.